जुन्या लेन्सची पाती चिकटली तर काय करायचं? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

जुनी मॅन्युअल लेन्स हातात येते. अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, रिंग एफ/२ पासून एफ/१६ पर्यंत (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) फिरवली की टकटक आवाजही नीट येतो. पण समोरून आत बघितलं तर छिद्र लहानमोठं करणारी पाती जागची हललेली नसतात, किंवा हललीच तर अगदी सावकाश मिटत जातात. वापरलेल्या लेन्स घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो. अशा वेळी रिंग जोर लावून मागेपुढे फिरवावीशी वाटते, नाहीतर फटीतून थोडं तेल सोडावंसं वाटतं. कृपा करून यातलं काहीही करू नका. जोर लावला तर पाती वाकतात. आणि तेलाचं म्हणाल, तर पाती चिकटली आहेत तीच मुळात तेलामुळे.

अ‍ॅपर्चरच्या पात्यांना वंगण लागत नाही, ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ती कोरडी चालावीत अशीच बनवलेली असतात. त्यामुळे या दुरुस्तीत पात्यांना काही लावायचं नसतं, आलेलं तेल काढायचं असतं.

तेल येतं कुठून?

मॅन्युअल लेन्समध्ये फोकस रिंग फिरवली की आतली काच पुढेमागे सरकते. हे काम हेलिकॉइड करतं, म्हणजे एकात एक बसलेले मोठे, तिरपे आटे. हे आटे मऊ चालावेत म्हणून त्यांना ग्रीस लावलेलं असतं. ग्रीस म्हणजे तेल आणि ते तेल धरून ठेवणारा घट्ट पदार्थ यांचं मिश्रण. वर्षं उलटली, लेन्स उष्णतेत पडून राहिली, की दोन्ही वेगळे होऊ लागतात. घट्ट भाग आट्यांवरच सुकतो आणि सुटं झालेलं तेल पातळ थराने आतल्या धातूवर पसरत पात्यांपर्यंत पोचतं. म्हणूनच पात्यांवर तेल असलेल्या लेन्सची फोकस रिंगही बरेचदा जड किंवा खरखरीत लागते.

पाती अतिशय पातळ पोलादाची असतात आणि एकमेकांवर बरीचशी चढलेली असतात. प्रत्येक पात्याला दोन बारीक खुंट्या असतात. एक खुंटी स्थिर कड्यातल्या भोकात बसते, दुसरी फिरत्या कड्याच्या खाचेत. कडं फिरलं की सगळी पाती एकदम आत वळतात आणि मधलं छिद्र लहान होतं. दोन पात्यांमध्ये तेलाचा थर शिरला की ती दोन ओल्या काचांसारखी एकमेकींना धरून बसतात. त्यांना हलवणारी स्प्रिंग मुद्दामच नाजूक ठेवलेली असते, कारण कोरड्या पात्यांना तेवढी पुरते. तेलाशी झगडायची ताकद तिच्यात नसते.

हा त्रास कुठल्या एका कंपनीच्या लेन्सपुरता नाही. तरी काही लेन्सची नावं या संदर्भात वारंवार निघतात: निकॉनची मायक्रो-निक्कॉर ५५ एमएम एफ/२.८, मिनोल्टाची एमडी ४५ एमएम एफ/२, कार्ल झाईस येनाच्या एम४२ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसवायची जोडणी) बऱ्याच लेन्स. या लेन्स वाईट नाहीत. चित्राच्या बाबतीत तर मायक्रो-निक्कॉर आजही मान खाली घालायला लावत नाही. फक्त अशी लेन्स घेताना पाती आधी तपासा.

आधी खात्री करा, पाती खरंच चिकटली आहेत का?

पुष्कळदा लेन्समध्ये काहीच बिघाड नसतो. ती तशीच चालायची असते, हे नव्या माणसाला ठाऊक नसतं. उघडायला घेण्याआधी पुढच्या शक्यता तपासा.

एम४२ म्हणजे आट्यांनी बसणारं माउंट, १९४९ पासून वापरात आलेलं. या माउंटच्या ऑटो लेन्समध्ये मागे एक छोटी पिन असते. पिन मोकळी असेल तर पाती पूर्ण उघडीच राहतात, रिंग कुठेही फिरवा. शटर दाबताना कॅमेरा ही पिन आत ढकलतो आणि तेवढ्यापुरती पाती मिटतात. लेन्सवर ‘ए’ आणि ‘एम’ अशी कळ असेल तर ती ‘एम’वर सरकवा, मग पाती थेट रिंगप्रमाणे हलतील. काही लेन्सना ही कळ नसते. त्यांची पिन बोटाने दाबून बघा. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यासाठी अशा लेन्सना पिन दाबून धरणारा अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारं कडं) लागतो. साधा अडॅप्टर लावला तर पाती कधीच मिटणार नाहीत, आणि त्यात लेन्सचा दोष नसतो.

निकॉन एफ आणि पेंटॅक्स के या माउंटमध्ये उलटी व्यवस्था आहे. लेन्स कॅमेऱ्याबाहेर असताना पाती रिंगवर दाखवलेल्या आकड्याप्रमाणे मिटलेली असतात आणि मागचा लिव्हर ढकलला की उघडतात. कॅमेरा एरवी लिव्हर धरून पाती उघडी ठेवतो आणि फोटोच्या क्षणी सोडून देतो.

कॅननच्या एफडी लेन्स तर हमखास गोंधळात टाकतात. त्या माउंटवर चढल्याशिवाय आतली यंत्रणा मोकळी होत नाही, त्यामुळे हातात धरून रिंग फिरवली तरी पाती ढिम्म राहू शकतात. त्यांच्या अडॅप्टरवर पाती जोडणारी आणि सोडणारी एक वेगळी रिंग असते. ती योग्य बाजूला फिरवा, मग काय ते ठरवा.

प्रीसेट लेन्समध्ये, उदाहरणार्थ हेलिओस ४४-२ मध्ये, दोन रिंगा असतात. एकीने आकडा ठरवायचा, दुसरीने पाती हाताने मिटवायची. पहिलीच फिरवत राहिलात तर पाती हलणार नाहीत.

चाचणी कशी करायची?

लेन्सची दोन्ही झाकणं काढा, रिंग एफ/१६ वर ठेवा आणि टॉर्चचा उजेड तिरपा टाकून पात्यांकडे बघा. निरोगी पाती एकसारखी मंद, काळपट-राखाडी दिसतात. तेल असेल तर ओलसर चकाकी दिसते, कधी इंद्रधनुषी झाक असलेले डाग दिसतात. तेल बहुधा बाहेरच्या कडेने, खुंट्यांच्या बाजूने मध्याकडे येतं, म्हणून कडेला नीट बघा. पुढून पाहून झालं की मागूनही पाहा. एक बाजू कोरडी आणि दुसरी तेलकट, असंही सर्रास असतं.

मग हालचाल तपासा. पिन किंवा लिव्हर एकदा पूर्ण दाबा आणि झटकन सोडा. पाती खटकन मिटायला किंवा उघडायला हवीत, डोळ्यांना मधली अवस्था दिसता कामा नये. यात सर्वांत महत्त्वाची ती पहिली हालचाल. लेन्स रात्रभर न हलवता ठेवा आणि सकाळी पहिल्या दाबाला काय होतं ते पाहा. पाच-दहा वेळा हलवल्यावर तेलकट पातीही तात्पुरती मोकळी होतात. विकणाऱ्याने दाखवण्याआधी लेन्स हलवून ठेवली असेल तर तुम्हाला सगळं ठीकच दिसेल. फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घेता येत असेल तर त्यात पहिली आणि दहावी हालचाल लागोपाठ टिपा. प्रत्येक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची असते. पहिल्या हालचालीला दहावीपेक्षा जास्त फ्रेम लागल्या, तर तेल आहेच असं समजा.

ही चाचणी फोकस रिंग अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या खुणेवर, ठेवून करा, मग सर्वांत जवळच्या अंतरावर ठेवून पुन्हा करा. लेन्स पुढे सरकली की आतल्या लिव्हरची जोडणीही बदलते. एका टोकाला नीट चालणारी पाती दुसऱ्या टोकाला अडत असतील तर दोष पात्यांचा नसून जोडणीचा असू शकतो. थंडीत तेल घट्ट होतं, त्यामुळे उबदार खोलीत बरी वाटणारी लेन्स पहाटेच्या गारठ्यात आळशी होते, हेही ध्यानात असू द्या.

फिल्म कॅमेरा असेल तर आणखी चांगली सोय आहे. फिल्म न घालता मागचं झाकण उघडा, शटर १ सेकंदावर आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवा, मागून बघत शटर दाबा. शटर उघडतं तेव्हा पाती आधीच मिटलेली दिसली पाहिजेत. उघड्या शटरमधून छिद्र लहान होताना दिसलं, तर पाती उशिरा पोचताहेत.

दुरुस्ती करायलाच हवी का?

प्रत्येक वेळी नाही.

मिररलेस कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून लेन्स वापरणार असाल, तर पाती फोटोच्या आधीच तुम्ही हाताने मिटवलेली असतात. ती थोडी सावकाश मिटली म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण, बिघडत नाही. प्रीसेट लेन्सचंही तेच. अशा लेन्सवर तेलाची किंचित चकाकी असेल आणि पाती सगळ्या आकड्यांना पूर्ण पोचत असतील, तर ती निश्चिंत वापरा. उघडून धोका पत्करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

एसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, मात्र पात्यांच्या वेगाला फार महत्त्व आहे. शटर दाबल्यावर आरसा वर जाईपर्यंत पाती ठरलेल्या आकड्यावर पोचायला हवीत. समजा तुम्ही एफ/१६ ठेवलं आणि पाती तोवर एफ/८ पर्यंतच मिटली, तर फिल्मवर चौपट प्रकाश पडतो. निगेटिव्ह फिल्म एवढी चूक बऱ्यापैकी सांभाळून घेते, स्लाइड फिल्म अजिबात नाही. या बिघाडाची खूणही ठरलेली आहे: पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरचे फोटो बरोबर येतात, एफ/११ आणि एफ/१६ चे पांढरे पडतात. तसे फोटो दिसले की कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर संशय घेण्याआधी लेन्सची पाती बघा. एम४२ मध्ये कधी पाती मिटतात पण परत उघडत नाहीत. मग फोटो ठीक येतो आणि पुढच्या वेळी व्ह्यूफाइंडर अंधारलेला दिसतो.

कुठलाही कॅमेरा असला तरी दुरुस्ती टाळू नये असं एक कारण आहे. तेलातला हलका अंश उडून आतल्या काचेवर बसतो आणि धुरकट थर तयार होतो. टॉर्च मागून धरून समोरून पाहिलं तर तो दिसतो. तसा थर असेल तर लेन्स उघडावीच लागेल, मग पातीही त्याच वेळी पुसून घ्यावीत.

काय काय लागेल?

पहिलं म्हणजे बरोबर स्क्रूड्रायव्हर. जपानी लेन्समधले चौफुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. दिसायला ते फिलिप्ससारखेच, पण फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही, जोर दिला की उसळून बाहेर येतो आणि स्क्रूचं डोकं झिजवतो. डोकं गेलेला स्क्रू काढणं हे पाती पुसण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. इथे काटकसर करू नका.

दुसरं, लेन्स स्पॅनर: दोन टोकं असलेलं, अंतर कमीजास्त करता येणारं अवजार. काचेच्या कड्यांवर समोरासमोर दोन खाचा असतात, त्यांत ही टोकं बसवून कडं फिरवायचं. तिसरं, वेगवेगळ्या व्यासांचे रबरी गोल ठोकळे. खाचा नसलेली कडी रबर दाबून फिरवता येतात. याशिवाय बारीक टोकाचा चिमटा, हवा मारायचा रबरी ब्लोअर, लेन्स पुसायचे धागे न सुटणारे कागद, दातकोरणी, भिंग, हातमोजे आणि सुटे भाग क्रमाने ठेवायला कप्प्यांचा ट्रे. साधा कापूस पात्यांवर वापरू नका. त्याचा एखादा तंतू दोन पात्यांच्या फटीत अडकतो आणि निघता निघत नाही.

द्रव म्हणून लायटरमध्ये भरायचं शुद्ध नॅफ्था वापरा. ते तेल चांगलं विरघळवतं आणि उडून गेल्यावर मागे काही ठेवत नाही. ते अत्यंत ज्वलनशील आहे आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत, शेगडी, सिगारेट काही नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल काच पुसायला उत्तम, पण तेलावर नॅफ्थाइतकं चालत नाही. अ‍ॅसिटोन लेन्सच्या आत नेऊच नका, प्लास्टिक आणि रंग दोन्ही खाऊन टाकतं. गंज सोडवायचे फवारे तर पूर्ण वर्ज्य, कारण ते स्वतःच मागे तेलाचा थर ठेवतात.

आता प्रत्यक्ष काम

इथे मी ५० एमएमच्या आसपासची साधी लेन्स धरून चाललो आहे. अशा बहुतेक लेन्समध्ये काचेचा एक गट पात्यांच्या पुढे आणि एक मागे असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पात्यांपर्यंत पोचता येतं. झूम लेन्स ही पहिल्या प्रयत्नाची जागा नव्हे.

१. टेबलावर फिक्या रंगाचं, कडा उभ्या असलेलं काहीतरी पसरा, म्हणजे पडलेला स्क्रू दिसेल आणि घरंगळणार नाही. फोकस अनंतावर ठेवा. इथून पुढे प्रत्येक पायरीला फोनने फोटो काढा: भाग काढण्याआधी एक, काढल्यावर एक.

२. समोरचं नाव कोरलेलं कडं काढा. बहुतेक लेन्समध्ये ते आट्यांनी बसलेलं असतं. योग्य मापाचा रबरी ठोकळा त्यावर सरळ दाबा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. त्याआधी फिल्टरच्या आट्यांभोवती बाजूने एखादा बारीक स्क्रू आहे का ते भिंगाने बघा, असल्यास तो आधी सैल करा. कडं हलत नसेल तर दातकोरणीच्या टोकाने आट्यांच्या रेषेवर नॅफ्थाचा अगदी छोटा थेंब लावा, थोडं थांबा, पुन्हा प्रयत्न करा. काही लेन्समध्ये हेच कडं पुढची काच धरून ठेवतं. कडं निघालं की काच सुटी होते, म्हणून या टप्प्यावर लेन्स पालथी करू नका.

३. पुढचा काचेचा गट अखंड बाहेर काढा. तो बहुधा एका नळीत बसवलेला असतो आणि नळीच पूर्ण उलगडून निघते. त्यातल्या काचा सुट्या करण्याची गरज नाही. गटाखाली पितळेचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं पातळ कडं दिसलं तर ते कुठे आणि कोणत्या बाजूने होतं याचा फोटो घ्या. ही कडी काचांमधलं अंतर ठरवतात, एखादं राहिलं तर चित्राची धार बिघडते. गट स्वच्छ कागदावर ठेवून वर झाकण घाला.

४. आता पाती समोर आली. मागचा गटही स्पॅनरने मागून उलगडा. पुष्कळ लेन्समध्ये त्यासाठी माउंट काढावं लागत नाही, आणि लागत नसेल तर काढूच नका. माउंटखाली अ‍ॅपर्चर रिंग असते आणि रिंगखाली टकटक आवाज करणारी पोलादी गोळी, जेमतेम एक-दीड मिलिमीटरची, स्प्रिंगवर बसलेली. रिंग उचलली की ती उडते. माउंट काढावंच लागलं तर मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून काढा, म्हणजे गोळी उडाली तरी पिशवीतच राहील.

५. पाती सर्वांत लहान छिद्रावर मिटवा. रिंग अडली तर थांबा, जोर नको. लेन्स पुसायच्या कागदाची घट्ट घडी चिमट्यात धरा, टोक नॅफ्थात बुडवा आणि दुसऱ्या कागदावर टिपून घ्या. टोक ओलसर हवं, थेंब गळणारं नको.

६. कडेकडून मध्याकडे, पात्याच्या लांबीच्या दिशेने हलका हात फिरवा. दिशा अशी ठेवा की कागद वरच्या पात्याच्या कडेवरून खाली उतरेल. उलट दिशेने गेलात तर कागद कडेखाली शिरतो आणि पातं उचललं जातं. पहिल्या एक-दोन पात्यांनंतर कागदावर पिवळट-तपकिरी डाग दिसेल. तेवढा भाग दुमडून टाका, नवा कोरडा भाग पुढे घ्या, पुन्हा ओलसर करा. मळलेल्या टोकाने पुढचं पातं पुसलं तर तेल फक्त जागा बदलतं.

७. पाती सुकू द्या. ओली असताना पिन किंवा लिव्हर झटक्याने सोडू नका. ओल्या अवस्थेत पाती एकमेकांना जास्तच ओढतात आणि वाकतात ती अशाच वेळी. सुकली की रिंगने सावकाश दहा-पंधरा वेळा उघडा-मिटवा. आतल्या फटींतलं तेल आता वर येईल. पुन्हा पुसा. मग लेन्स उलटून मागच्या बाजूने हेच सगळं.

८. तासभर थांबा, टॉर्चने बघा, लागल्यास पुन्हा पुसा. कागद स्वच्छ निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवायचा. एका फेरीत काम संपलं असं सहसा होत नाही. दोन-तीन तरी लागतातच, आणि फार तेलकट लेन्सला त्याहून जास्त. काचा न बसवता, धूळ जाणार नाही असं झाकून रात्रभर ठेवा. सकाळच्या पहिल्या हालचालीला पाती खटकन चालली आणि चकाकी परतलेली नसेल, तर पुसणं झालं.

एम४२ लेन्समध्ये कधी पाती कोरडी निघतात आणि अडलेली असते ती मागची पिन. सुकलेलं तेल तिच्या नळीत साठतं. दातकोरणीच्या टोकाने थोडं नॅफ्था लावून पिन आतबाहेर करा, निघालेली घाण टिपून घ्या, पुन्हा करा. लेन्स उघडण्याआधी हे करून पाहायला काहीच हरकत नाही. मात्र पिन खालच्या बाजूला येईल अशी लेन्स धरा, म्हणजे द्रव आत ओघळणार नाही.

लेन्स नॅफ्थात बुडवण्याबद्दल

काचा काढून उरलेली अख्खी नळी नॅफ्थात बुडवायची, खळबळायची आणि सुकवायची, असा एक झटपट उपाय सांगितला जातो. फोकस रिंगसह अख्खी लेन्स बुडवायला माझा ठाम विरोध आहे. नॅफ्था हेलिकॉइडमध्ये शिरतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि ते सगळं पात्यांपर्यंत वाहून आणतं. पाती दोन दिवस छान चालतात, मग आधीपेक्षा वाईट चिकटतात, आणि तोवर फोकस रिंगही कोरडी, खरखरीत झालेली असते. अ‍ॅपर्चरचा भाग हेलिकॉइडपासून पूर्ण वेगळा काढता येत असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथपर्यंत जायला अनुभव हवा.

काचा जागेवर असताना पुढच्या फटीतून थेंब सोडणं तर त्याहून वाईट. द्रव काचेच्या कडेला पसरतो, तेल सोबत नेतो आणि सुकताना काचेवर कडी उमटवतो. मग पात्यांसाठी उघडावी लागली नसती ती लेन्स काचेसाठी उघडावी लागते.

पातं निसटलं तर?

कधी पुसताना, कधी तुम्ही लेन्स घेण्याच्या आधीच, एखाद्या पात्याची खुंटी खाचेतून सुटलेली असते. छिद्र एका बाजूला वेडंवाकडं दिसतं. अशा वेळी रिंग अजिबात फिरवू नका, कारण फिरत्या कड्याखाली ते पातं चेपलं जातं. फक्त निसटलेलं असेल तर अ‍ॅपर्चरचा भाग उघडून सगळी पाती पुन्हा मांडावी लागतात. ती एका दिशेने एकेक करून ठेवायची आणि शेवटच्या पात्याचं टोक पहिल्याखाली सरकवायचं. हे शेवटचं पातं बसवायला फार संयम लागतो, कारण ते सरकवताना आधीची हलतात. वाकलेलं पातं अगदी सपाट करता येत नाही आणि तुटलेली खुंटी घरी बसत नाही. तिथे त्याच लेन्सचा दुसरा निकामी नग शोधून त्यातली पाती घेणं किंवा जाणत्या कारागिराकडे देणं हेच मार्ग उरतात. निव्वळ शिकण्यासाठी पाती सुटी करून मांडायची असतील तर काच फुटलेली किंवा बुरशीने गेलेली लेन्स मिळवा आणि तिच्यावर हात बसवा.

जोडणी

काचा बसवण्याआधी त्यांच्या आतल्या बाजू टॉर्चने तपासा. धुरकट थर असेल तर लेन्स पुसायच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मध्यापासून कडेकडे गोल फिरवत पुसा. ब्लोअरने धूळ उडवा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण उडतात.

गट परत बसवताना आटे तिरके बसण्याचा धोका असतो. गट आट्यांवर अलगद ठेवा आणि आधी उलट दिशेने, म्हणजे उघडण्याच्या दिशेने फिरवा. एका ठिकाणी तो बारीकसा खाली बसल्याचं बोटांना जाणवेल. तिथून सुलट फिरवायला लागा. बोटांच्या जोराने सहज जात नसेल तर काढून पुन्हा ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचे बारीक आटे एकदा चढले की कायमचे गेले. पातळ कडी आपापल्या जागी आहेत ना, ते फोटोंशी ताडून पाहा.

नंतर लेन्स कॅमेऱ्यावर लावून दूरची एखादी वस्तू, मनोरा किंवा डोंगराची कड, अनंतावर धारदार दिसते का बघा. दिसत नसेल तर बहुधा एखादा गट शेवटपर्यंत बसलेला नाही किंवा एखादं कडं राहिलं आहे. मग सगळ्या आकड्यांवर एकाच उजेडात फोटो घ्या, दर आकड्याला शटरची वेळ दुप्पट करत. सगळे सारखेच उजळ यायला हवेत.

तेल पुन्हा आलं तर

पाती पुसल्याने तेल गेलं, तेलाचा उगम गेला नाही. हेलिकॉइडमधलं जुनं ग्रीस अजून तेल सोडत असेल तर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी चकाकी परत दिसेल. फोकस रिंग मऊ चालत असेल तर मी पुसण्यावरच थांबतो, कारण पुसलेली लेन्स पुष्कळदा वर्षानुवर्षं चालते. लवकर परत आलं, किंवा फोकस रिंगही जड झाली असेल, तर जुनं ग्रीस पूर्ण काढून नवं भरायला हवं. हेलिकॉइडचे आटे अनेक ठिकाणांहून सुरू होतात. वेगळे होताना ते नेमके कुठे सुटले याची खूण केली नाही, तर परत जोडताना लेन्स वरवर नीट बसते आणि फोकस मात्र अनंतावर पोचत नाही. दोन्ही भागांवर टोकदार सुईने समोरासमोर रेघ ओढणं हा त्यावरचा उपाय. ग्रीस लेन्सच्या हेलिकॉइडसाठीच बनवलेलं हवं, आणि तेही अगदी पातळ थराने. जास्त भरलेलं ग्रीस पुन्हा पात्यांकडेच जातं.

लेन्स बंद गाडीत, खिडकीतल्या उन्हात किंवा तापणाऱ्या उपकरणाशेजारी ठेवू नका. वापरात नसलेली लेन्स महिन्यातून एकदा काढून रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पिन किंवा लिव्हर दोन-चारदा दाबा आणि टॉर्च टाकून पात्यांच्या बाहेरच्या कडा बघा. पहिली ओल तिथेच दिसते, आणि तेव्हाच पुसली तर एका फेरीत काम होतं.